गाडीमालकांचा कौल कितपत मानावा?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी यंदा मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवडही माझ्यावरच सोपविली. मी जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकवून सेवानिवृत्त झालेला इसम. वेदान्तावर अथवा राजकारणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मोटारगाडीवर बोलण्याचा तर त्याहूनही नाही, कारण सायकलीपलीकडे कोणतेही वाहन मी आयुष्यात चालविलेले नाही. तरीही आज मी गाडीविषयीच बोलणार आहे. त्याचे कारण असे की, गाडीच्या बाबतीत मी एकदा अधिकारवाणीने सल्ला दिला आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली.

आपल्या लहानपणी ज्ञातीतल्या एखाद्याच घरी मोटार असे. आज बाहेर मांडवापाशी उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या म्हणजे काळ किती पालटला हे ध्यानात येते. घर आणि मुलांची लग्ने यांच्या खालोखाल मध्यमवर्गीय कुटुंबाचा सर्वांत मोठा खर्च आता गाडीचा झाला आहे. बहुतेक गाड्या कर्जाने घेतल्या जातात. अशा वेळी अमुक गाडी विश्वासार्हतेत पहिली आली, तमुक कंपनीवर ग्राहकांनी पसंतीची मोहोर उमटविली, अशा बातम्या आणि जाहिराती वाचून आपण निर्णय घेतो. हजारो गाडीमालकांना प्रश्न विचारून काढलेले हे कौल खरे मानावेत काय, हा आजचा विषय.

प्रथम माझी कथा सांगतो. २०१४ च्या दसऱ्याच्या सुमारास माझा भाचा प्रवासी गाडीचा धंदा सुरू करण्याच्या विचारात होता. पतपेढीचे कर्ज मंजूर झाले होते. दोन गाड्यांमध्ये त्याचे मन घुटमळत होते. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही वाचणारे. तुम्हीच सांगा." मजजवळ एका इंग्रजी वृत्तपत्राचे कात्रण होते. एका पाहणीत त्या दोहोंपैकी एक गाडी आपल्या वर्गात पहिली आल्याचे त्यात छापले होते. मी शब्दकोश घेऊन ते वाचून काढले आणि छातीठोकपणे सांगितले, "हीच घे. हजारो लोक काही खोटे बोलत नाहीत."

त्याने तीच घेतली. दहाव्या महिन्यात गिअरबॉक्सने दगा दिला. भर लग्नसराईत गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहिली. पुढे क्लच गेला, मग पुन्हा गिअरबॉक्स. हप्ते मात्र कोणासाठी थांबत नाहीत. त्याच्या पत्नीच्या बांगड्या त्याच पतपेढीत तारण म्हणून गेल्या. मी भेटावयास गेलो तेव्हा तो मला एक शब्दही टाकून बोलला नाही. इतकेच म्हणाला, "मामा, तुमचा काय दोष? कागदात होतं ते तुम्ही वाचलंत."

त्या रात्री मी ते कात्रण पुन्हा बाहेर काढले. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती मी पहिल्या वेळी वाचलीच नव्हती. गाडी घेऊन अवघे काही महिने झालेल्या मालकांनाच ते प्रश्न विचारलेले होते, आणि तेही खाजगी वापराच्या गाडीबद्दल. माझा भाचा दिवसाला तीनशे किलोमीटर गाडी हाकीत होता. पाहणी खोटी नव्हती, ती वाचताना मीच चुकलो होतो. मुलांना आयुष्यभर मी सांगत आलो की, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तराकडे वळा. गुरुजींनी स्वतः मात्र नुसते उत्तर वाचले होते.

तेव्हापासून या विषयाचा मी जमेल तसा अभ्यास केला. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. पाहणीचे सारे शास्त्र या म्हणीत सामावलेले आहे. परंतु ही म्हण घरातल्या अनुभवी गृहिणीच्या तोंडची आहे, हे विसरू नये. ती आधी पळीने भात खालीवर करते, मग मधले शीत उचलून दाबून पाहते. वरचेच शीत घेतले तर ते टणक लागेल आणि तळचे घेतले तर गाळ झालेले निघेल. तेव्हा शीत कोठून घेतले, हा पाहणीविषयीचा पहिला प्रश्न.

शेतकरी कुटुंबांतील मंडळींना पीक कापणी प्रयोग ठाऊक आहेत. गावातले कोणते गट नंबर घ्यावयाचे आणि त्या शेतात कोठे तुकडा आखावयाचा, हे यादृच्छिक आकड्यांवरून, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, ठरते. ते काम पाटलांच्या मर्जीवर सोडले, तर सारा वाढणार असेल तेव्हा पडीक शेत दाखविले जाईल आणि बक्षीस मिळणार असेल तेव्हा मोटेखालचे! ही शिस्त देशाच्या शेतीत रुजविणाऱ्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे अग्रभागी होते, याचा आपणां सर्वांना अभिमान वाटला पाहिजे.

ही शिस्त सोडली म्हणजे काय घडते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि योगायोगाने त्याचा मोटारींशी संबंध आहे. १९३६ साली तेथे अध्यक्षीय निवडणूक होती. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका धाडल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन हे रूझवेल्टांचा पराभव करतील असे भाकीत साप्ताहिकाने केले. प्रत्यक्षात रूझवेल्टांना साठ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि लँडन यांना दोनच राज्ये मिळाली. असे का झाले? नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारमालकांच्या नोंदवहीतून. मंदीच्या त्या काळात ज्यांच्या दारी मोटार होती त्यांचे मत निराळे आणि पायी चालणाऱ्यांचे निराळे. शिवाय तीन-चतुर्थांशाहून अधिक लोकांनी उत्तरच दिले नाही. तेवीस लाख शिते उचलली, पण ती सगळी एकाच बाजूची! दोन वर्षांत ते साप्ताहिकही बंद पडले.

त्याच १९३६ साली अमेरिकेत 'कन्झ्युमर्स युनियन' ही ग्राहकांची संस्था स्थापन झाली. तिचे 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' हे मासिक गाड्यांच्या विश्वासार्हतेच्या पाहणीसाठी जगभर नावाजलेले आहे. ही संस्था जाहिराती घेत नाही. तपासावयाच्या गाड्या ती सामान्य गिऱ्हाइकाप्रमाणे बाजारातून विकत घेते. दरवर्षी ती आपल्या सभासदांना विचारते की, गेल्या बारा महिन्यांत तुमच्या गाडीत खर्चामुळे, सुरक्षिततेच्या दृष्टीने अथवा गाडी बंद पडल्यामुळे तुम्हांला गंभीर वाटलेला कोणता दोष उद्भवला? २०२३ च्या अहवालासाठी तीन लाख तीस हजारांहून अधिक गाड्यांची माहिती तिने जमविली होती.

आता सूक्ष्मपणे पाहणारा म्हणेल की, तेथेही उत्तरे देणारे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत, ते वर्गणीदार आहेत. वर्गणी भरून असे मासिक वाचणारा मनुष्य मूळचाच चिकित्सक असतो, वेळेवर तेल बदलणारा असतो. आक्षेप खरा आहे. पण येथे मला शाळेतला एक अनुभव आठवतो. कडक परीक्षक सगळ्याच मुलांचे दहा-दहा गुण कापतो. त्यावरून शाळा हुशार की मठ्ठ हे समजणार नाही, परंतु वर्गातला पहिला कोण आणि शेवटला कोण हे बहुधा बरोबर समजते. सर्व गाड्यांचे मालक एकाच प्रकृतीचे असतील तर गाड्यांची आपसातली तुलना टिकते. मात्र एक गाडी तरुण पोरांची आवडती आणि दुसरी पेन्शनरांची, असे असेल तर तुलनाही डळमळते. मग गाडीचा दोष कोणता आणि चालविणाऱ्याचा कोणता, हे वेगळे काढणे कठीण होते.

दुसरा प्रश्न, काय विचारले आणि केव्हा विचारले? माझ्या भाच्याचे नुकसान येथेच झाले.

अमेरिकेतच १९६८ साली जेम्स डेव्हिड पॉवर या गृहस्थांनी घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आपला पाहणीचा व्यवसाय सुरू केला. 'जे. डी. पॉवर' हे नाव आपल्याकडच्या जाहिरातींतही पुष्कळांनी वाचले असेल. या संस्थेची अमेरिकेतील एक पाहणी गाडी घेतल्यापासूनच्या पहिल्या नव्वद दिवसांची असते, तर दुसरी तीन वर्षे वापरलेल्या गाडीची. शंभर गाड्यांमागे किती तक्रारी, हे दोहोंचे माप. पहिलीत नव्या नवरीचे कौतुक आणि दुसरीत संसाराचा अनुभव! जाहिरातीत मात्र दोहोंचे चषक सारखेच चमकतात.

शिवाय तक्रार म्हणजे काय? २०१० साली या नव्वद दिवसांच्या पाहणीत फोर्ड पाचव्या क्रमांकावर होती. २०११ साली ती एकदम तेविसाव्या क्रमांकावर घसरली. एका वर्षात कारखान्यातले कारागीर हात विसरले काय? तसे नव्हे. घसरण्याचे मोठे कारण नव्या गाड्यांतला बोटाने चालवावयाचा पडदा हे होते. लोकांना तो वापरणे जमेना, आणि तो त्रासही तक्रार म्हणून मोजला गेला. इंजिन फुटले तरी तक्रार एक, आणि पडद्यावरचे गाणे लागेना तरी तक्रार एकच. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' इंजिन व गिअरबॉक्स यांसारख्या महागड्या दोषांना अधिक वजन देते. दोन पाहण्यांचे निकाल जुळत नाहीत म्हणून दोन्ही लबाड, असे आपण म्हणतो. वास्तविक दोघींचे प्रश्नच भिन्न असतात.

आपल्याकडे तर याहूनही गोंधळ आहे. सर्व्हिस सेंटरातील वागणुकीबद्दल ग्राहक समाधानी असल्याचा पुरस्कार आपण गाडीच्या टिकाऊपणाचा समजतो. डॉक्टर गोड बोलतात म्हणून रोगी निरोगी ठरत नाही. २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' ही चाचणी सुरू झाली आहे. तिचे तारे अपघातात गाडी माणसाला किती वाचवील एवढेच सांगतात. ते अत्यंत मोलाचे आहेत. पण पाच तारे मिळालेली गाडी पाच वर्षे बिनतक्रार चालेल, असे त्यांत कोठेही म्हटलेले नाही.

तिसरा प्रश्न, आकड्यांतले अंतर केवढे? सहावीच्या वर्गात मी एक खेळ घेत असे. चाळीस मुलांना प्रत्येकी एक नाणे वीस वेळा उडवावयास सांगायचे. कोणाचे छापे दहा, कोणाचे अकरा. परंतु दरवर्षी एखाद्याचे पंधरा यावयाचे आणि एखाद्याचे पाच. पंधरावाला ऐटीत वर्गाकडे पाही आणि पाचवाला रडकुंडीस येई. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा उडवावयास सांगे आणि ऐट नाहीशी होई. नाण्यात गुण नव्हता, तो योगायोगाचा खेळ होता.

हाच खेळ गाड्यांत चालतो. समजा, एका गाडीच्या शंभर मालकांपैकी दहांनी तक्रार केली आणि दुसरीच्या शंभरांपैकी चौदांनी. आपण म्हणू, पहिली बरी. पण शंभरांच्या नमुन्यात एवढा फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. हेच आकडे दहा-दहा हजारांत आले असते तर मात्र ते मानावे लागले असते. 'जे. डी. पॉवर'च्या २०२५ च्या तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या पाहणीत लेक्सस पहिली आली, शंभर गाड्यांमागे १४० तक्रारी. दुसरी ब्युइक, १४३. सर्वांची सरासरी २०२. आता १४० आणि २०२ यांतले अंतर विचारात घेण्याजोगे आहे. परंतु १४० आणि १४३? शंभर गाड्यांमागे तीन किरकोळ तक्रारींचा फरक! जाहिरात मात्र पहिल्या क्रमांकाचीच होते. ज्याला क्रमांक दिसतो आणि गुण दिसत नाहीत, त्याने गुणपत्रिका वाचलीच नाही असे मी समजतो.

चौथा प्रश्न, या उद्योगाचा खर्च कोण सोसतो? 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' मुख्यतः सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालते. 'जे. डी. पॉवर' आपले सविस्तर अहवाल गाड्यांच्या कारखानदारांना विकते, आणि जिंकलेल्या पुरस्काराचे नाव जाहिरातीत वापरावयाचे तर कारखानदाराला त्याचे शुल्क भरावे लागते. याचा अर्थ निकाल विकले जातात असा मुळीच नाही, तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कारखानदाराला आपले दोष समजावेत हाच त्या पाहणीचा मूळ हेतू. परंतु चषक जितके अधिक तितके शुल्क अधिक, हे ध्यानी ठेवून वाचावे. मध्यस्थ वाईट असतो असे नाही. तरी स्थळाची चौकशी आपण केवळ मध्यस्थाजवळ करीत नाही.

प्रतिष्ठित संस्थाही कधी घसरते, याचे उदाहरण जर्मनीचे आहे. तेथील 'आडाक' हा मोटारचालकांचा संघ १९०३ सालापासूनचा, सभासद सुमारे दोन कोटी. रस्त्यात गाडी बंद पडली की त्याची पिवळी गाडी मदतीस धावते. त्या नोंदींवरून तो १९७८ पासून कोणत्या गाड्या किती बंद पडतात याचा तक्ता छापतो. गाडी बंद पडली ती पडली, तेथे मताला वाव नाही, म्हणून या तक्त्याला वजन आहे. अर्थात सुरू न होण्याचे सर्वांत मोठे कारण तेथेही साधी बॅटरीच ठरते, आणि त्यात गाडीइतकाच तिच्या वापराचाही वाटा असतो. पण याच संघाच्या वाचकांच्या आवडत्या गाडीच्या पुरस्काराबाबत जानेवारी २०१४ मध्ये निराळेच उघडकीस आले. पहिल्या आलेल्या गाडीला ३४,२९९ मते पडली असे सांगितले होते, खरी मते होती ३,४०९. संपर्कप्रमुखाला पायउतार व्हावे लागले आणि पुढच्याच महिन्यात अध्यक्षांनी राजीनामा दिला. फुगविले होते ते आवडीचे मतदान, बंद पडलेल्या गाड्यांचा तक्ता नव्हे. परंतु एकदा दूध नासले की लोक ताकाकडेही संशयाने पाहू लागतात.

याउलट चूक कबूल करणाऱ्याचे उदाहरणही सांगितले पाहिजे. टोयोटाची नवी गाडी बाजारात आली की 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' तिच्या टिकाऊपणाबद्दल पूर्वलौकिकावरून खात्री धरीत असे. २००७ च्या पाहणीत तिच्या काही गाड्या सरासरीखाली उतरल्या, तेव्हा मासिकाने जाहीर केले की, यापुढे टोयोटाच्या नव्या गाडीची शिफारस माहिती हाती आल्यावाचून करणार नाही. मोठ्या घराण्यातला मुलगा म्हणून डोळे मिटून होकार देऊ नये, हे त्यांनीही अनुभवाने शिकून घेतले. चूक छापून सांगणाऱ्यावर माझा विश्वास अधिक बसतो.

आता पाचवा प्रश्न. तो मला सर्वांत अवघड वाटतो, कारण तो आपल्याविषयीचा आहे. उत्तर देणारा खरे सांगतो काय?

अमेरिकेत फ्रीमाँट येथे जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा एक सामाईक कारखाना होता. तेथे टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझम या दोन नावांच्या, आतून जवळजवळ एकच असलेल्या गाड्या तयार होत. तरीही जुन्या बाजारात कोरोलाला अधिक भाव येई. आपल्याकडेही २०१९ पासून मारुती सुझुकीची बलेनो हीच थोड्या फेरफाराने टोयोटाची ग्लँझा म्हणून विकली जाऊ लागली. आपल्या ओळखीत दोन्ही गाड्यांचे मालक असतील तर त्यांना मते विचारून पाहा. माणूस गाडीचे गुण सांगतो तेव्हा त्यांत बॉनेटवरच्या चिन्हाचेही गुण मिसळलेले असतात. शिवाय दहा लाख मोजून आणलेली वस्तू वाईट निघाली, हे चारचौघांत कबूल करण्यास मोठे धैर्य लागते. काहींना उलट सवय असते, एक खिळा कुरकुरला तरी सारे जग बुडाले म्हणून सांगतात. मध्यम, सरळ अनुभवाचा माणूस बहुधा गप्प राहतो.

दुसऱ्यांचे कशाला, मी माझेच सांगतो. गेल्या वर्षी मुलाची गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. आणावयास मी गेलो. वातानुकूलन यंत्राची तक्रार तशीच होती. काउंटरवरचा तरुण हळूच म्हणाला, "काका, तुम्हाला कंपनीचा फोन येईल. सगळ्याला दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी माझा इन्सेंटिव्ह जातो." पोरगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा, चेहरा उतरलेला. दुसऱ्या दिवशी फोन आला. मी प्रत्येक प्रश्नाला दहा सांगितले. यंत्र दुरुस्त झाले काय, या प्रश्नालाही दहाच.

फोन ठेवला आणि मला भाच्याची गाडी आठवली. ज्या कात्रणावर मी भिस्त ठेवली त्याच्यामागेही माझ्यासारखेच कोणी दयाळू काका असतील, हा विचार मनात आला. माझ्या एका खोट्या दहाने त्या पोराचा महिना निभावला असेल. पण पुढच्या गिऱ्हाइकाची आणि खरे पाहता त्या कंपनीचीही मी फसवणूक केली, कारण यंत्र बिघडलेले आहे हे तिला कळलेच नाही. सदतीस वर्षे मी कोणाला फुकटचा एक गुण दिला नाही. निवृत्तीनंतर मात्र दहा-दहाची खैरात केली. ही गोष्ट मी आजवर घरातही बोललो नव्हतो.

मग हे कौल मानावेत की नाहीत? माझे उत्तर असे आहे. मानावेत, पण स्थळाची चौकशी करतो त्या रीतीने. एकाच्या सांगण्यावर आपण मुलगी देत नाही. शेजारी, कचेरीतले सहकारी, गावचे लोक अशा चार ठिकाणी विचारतो, आणि सांगणाऱ्याचा त्यात काय लाभ, हेही मनात तोलतो. पाहणी कोणी केली, कोणाला विचारले, गाडी किती जुनी असताना विचारले, अंतर किती आणि खर्च कोणाचा, एवढे पाहावे. अनेक वर्षे, निरनिराळ्या पाहण्यांत एखादी गाडी सातत्याने वर अथवा सातत्याने खाली असेल तर तो कौल खरा समजावा. पहिल्या आणि तिसऱ्या क्रमांकांतला भेद सोडून द्यावा. नव्याने बाजारात आलेल्या गाडीचा टिकाऊपणा अजून कोणालाच ठाऊक नसतो, तेव्हा शक्य तर वर्षभर थांबावे. आणि परदेशातील पाहणीवरून येथील गाडी घेऊ नये. नाव तेच असले तरी बनावट, रस्ते, इंधन आणि धूळ ही निराळी असतात. परक्या घरच्या शितावरून आपल्या चुलीवरच्या भाताची परीक्षा होत नाही.

शेवटी एक सूचना. केवळ सभासदांच्या वर्गणीवर चालणारी, अमेरिकेतल्या त्या मासिकाएवढी विस्तृत गाडीमालकांची वार्षिक पाहणी आपल्याकडे अद्याप उभी राहिलेली नाही. ती उभारणे आपल्या मंडळाच्या आवाक्यातले काम नव्हे. पण एक वही ठेवणे आवाक्यातले आहे. ही कल्पना माझी नाही, माझ्या भाच्याची आहे. त्या फटक्यानंतर त्याने शंभर पानी वही घातली. गाडी किती किलोमीटर चालली, काय बिघडले, किती खर्च आला, किती दिवस उभी राहिली, हे तो रोज रात्री लिहू लागला. आज त्याच्या दोन गाड्या आहेत आणि बांगड्याही घरी परत आल्या आहेत. दुसरी गाडी घेताना त्याने मला विचारले नाही. त्याने आपल्या आणि आणखी पाच गाडीवाल्यांच्या वह्या पाहिल्या. मला त्याचे यत्किंचितही वाईट वाटले नाही.

तशी 'गाडीवही' मंडळाने ठेवावी. सभासदांची यादी आपल्याजवळ आहेच. त्यातल्या प्रत्येक गाडीधारकाला वर्षातून एकदा तेच पाच प्रश्न विचारावेत. तक्रारवाल्यांनाच विचारू नये, समाधानी असलेल्यांनाही सोडू नये. खाजगी आणि भाड्याची गाडी वेगळी मांडावी. आपल्या गाड्या थोड्या, तेव्हा ही वही म्हणजे निकाल नव्हे, शेजाऱ्याची साक्ष आहे, हे पहिल्या पानावरच लिहावे. आणि त्याखाली आणखी एक नियम लिहावा की, येथे कोणी कोणाला दयेने दहा देऊ नयेत. शेवटी पाहणी तुमच्या-माझ्या उत्तरांचीच बनलेली असते. आपण खरे सांगू तेवढीच ती खरी.

त्या वहीतली पहिली नोंद मी माझ्या मुलाच्या गाडीची करीन. वातानुकूलन यंत्र, दुरुस्त झालेले नाही, गुण शून्य.